डोळा काढला की जीव वाचतो?

ऐरोलीहून एका ताईंचं चार पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्याचा गोषवारा देते.

यजमान 49 वर्षांचे, रबाळे एमआयडीसीत एका टूलरूममध्ये कामाला. गणपतीच्या सुमारास त्यांना डाव्या डोळ्याच्या कोपऱ्यात सावलीसारखं दिसू लागलं. चष्म्याच्या दुकानात दोनदा नंबर बदलून झाला, साखर वाढली असेल म्हणून रक्त तपासून झालं. दिवाळीनंतर एका डॉक्टरांनी थेंब घालून बाहुली मोठी केली, आतून तपासलं, डोळ्याची सोनोग्राफी केली आणि निदान सांगितलं : कोरॉइडल मेलानोमा, म्हणजे डोळ्याच्या आतला कॅन्सर. गाठ साडेपाच मिलिमीटर उंच, पाया 11 मिलिमीटर. लिव्हरची तपासणी सध्या स्वच्छ आहे. डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. एक, डोळ्याला किरणोत्सारी चकती लावून गाठ मारायची. दुसरा, डोळा काढायचा. यजमान म्हणतात, चकतीच. नणंद आणि दीर म्हणतात, "डोळ्याचं काय घेऊन बसलात, माणूस वाचला पाहिजे." सासूबाई म्हणतात, काहीच कापू नका, चाकू लागला की पसरतं. तुकडा तपासायला न पाठवताच कॅन्सर कसं म्हणतात, अशी शंकाही घरात आहे. माघात मोठ्या मुलीचं लग्न आहे, तोवर थांबावं असंही कुणी सुचवलंय. ताईंनी मोबाइलवर वाचलं की या आजारात निम्म्या लोकांच्या लिव्हरला पुढे लागण होते आणि ते जातात. हे त्यांनी यजमानांना सांगितलेलं नाही. पत्राचा शेवट असा : "त्यांच्या हट्टाला हो म्हणून मी त्यांचा जीव धोक्यात घालतेय का? की पाया पडून डोळा काढून घ्या म्हणून गळ घालू?"

ताई,

शेवटच्या पानावर तुमचं अक्षर हललंय, म्हणून पहिलं उत्तर आधी देते. चकतीला हो म्हणून तुम्ही त्यांचा जीव धोक्यात घालत नाही आहात. या आकाराच्या गाठीत चकती लावली काय आणि डोळा काढला काय, माणसं किती जगतात यात फरक पडलेला दिसत नाही. हे माझं मत नाही आणि कुणा एका डॉक्टरचंही नाही. हे मोजलेलं आहे. कसं मोजलं ते सांगते, म्हणजे नणंदबाईंना सांगताना तुमच्या हातात काहीतरी असेल.

मी डॉक्टर नाही. ठाण्यात एका रुग्णालयाच्या नेत्रविभागात 17 वर्षं समुपदेशक म्हणून बसले. डोळ्याच्या कॅन्सरची जी घरं पाहिली ती बहुतेक लहान मुलांची. मोठ्या माणसाचा हा मेलानोमा आपल्याकडे फार विरळा. गोऱ्या कातडीच्या, फिकट डोळ्यांच्या लोकांत वर्षाला दहा लाखांमागे पाच-सहा जणांना तो होतो, आशियात त्याहून कितीतरी कमी. तेव्हा चष्मेवाल्याला कळलं नाही, आपण आधी का नेलं नाही, हा त्रास स्वतःला देऊ नका. बाहुली मोठी करून मागचा पडदा पाहिल्याशिवाय तो कुणालाच दिसत नाही. आणि ज्याला कॉलनीत कुणी आधी ऐकलेलंच नाही, अशा आजाराबद्दल प्रत्येक नातेवाईक दुसऱ्याच कुठल्यातरी कॅन्सरच्या आठवणीवरून बोलतो. तुमच्या घरात आत्ता तेच चाललंय.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. मला दिसलं ते असं. डोळा, नजर आणि जीव या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि घरातलं प्रत्येक माणूस त्यातल्या दोन एक समजून बोलतंय. तुम्हाला आणि नणंदबाईंना वाटतं, डोळा दिला की जीव वाचला. यजमानांना वाटतं, डोळा राहिला की नजर राहिली. दोन्ही गृहीतं तपासायला हवीत. त्यांचं तर जास्तच, कारण ते त्यांना अजून कुणी सांगितलेलं दिसत नाही.

आधी तुमचं. सासूबाईंच्या "चाकू लागला की पसरतं" या म्हणण्याला घरात कुणी हसलं असेल, तर त्यांना सांगा की 1978 मध्ये हाच प्रश्न अमेरिकेतल्या एका मोठ्या नेत्रविकृतितज्ज्ञानं, लॉरेन्झ झिमरमन यांनी, सहकाऱ्यांबरोबर छापून विचारला होता. डोळा काढल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत मृत्यू वाढलेले दिसतात. काढतानाच्या दाबानं पेशी रक्तात ढकलल्या जात असतील का? त्याआधी शंभर वर्षं डोळा काढणं हाच सर्वमान्य उपाय होता. शंका गंभीर होती, म्हणून तिचा निकाल लावायला अमेरिका आणि कॅनडातल्या अनेक केंद्रांनी मिळून एक मोठी चाचणी आखली. तिचं नाव कोलॅबोरेटिव्ह ऑक्युलर मेलानोमा स्टडी. 1987 ते 1998 या काळात मध्यम आकाराच्या गाठींचे 1,317 रुग्ण तिच्यात आले. यजमानांची गाठ याच मध्यम गटात बसते. कुणाचा डोळा काढायचा आणि कुणाला आयोडीन-125 ची चकती लावायची हे डॉक्टरनं ठरवलं नाही, रुग्णानंही नाही. चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरलं, म्हणजे दोन्ही गट सारखे राहिले.

पाच वर्षांनी दोन्ही गटांतले सुमारे 19 टक्के लोक गेले होते. 12 वर्षांनी चकतीच्या गटातले 43 टक्के, डोळा काढलेल्यांतले 41 टक्के. हे आकडे सगळ्या कारणांनी झालेल्या मृत्यूंचे आहेत, आणि त्यातली बरीच माणसं भरतीच्या वेळीच साठीच्या आसपास होती, हे विसरू नका. मेलानोमा पसरल्याचं तपासून सिद्ध झालेले मृत्यू 12 वर्षांत 21 आणि 17 टक्के. हा फरक योगायोगानं पडावा इतपतच. डोळा काढून जीव जास्त वाचला असं दिसलं नाही, आणि डोळा काढल्यानं पसरलं असंही दिसलं नाही. नणंदबाई आणि सासूबाई, दोघींच्या भीतीला तिथे एकाच वेळी उत्तर मिळालं.

असं का, हे कळलं की मन शांत होतं. या आजारात जीव जातो तो डोळ्यातल्या गाठीनं नव्हे. तिथून रक्तात गेलेल्या पेशी लिव्हरमध्ये जाऊन बसतात, कधी कधी वर्षानुवर्षं गप्प राहतात, मग वाढतात. पसरतो तेव्हा दहातल्या नऊ जणांच्या लिव्हरमध्ये तो सापडतो. आणि त्या पेशी जायच्या असतील तर बऱ्याचदा निदानाच्या आधीच गेलेल्या असतात. मग उपचार म्हणजे बैल गेला नि झोपा केला, असं मात्र समजू नका. गाठ तशीच सोडली तर ती वाढत राहील, पेशी सोडत राहील, डोळा दुखेल, नजर जाईलच. गाठ मारलीच पाहिजे. कशानं मारायची एवढंच मोकळं आहे, आणि तिथे यजमानांच्या मताला पूर्ण मान द्यायला जागा आहे.

तुकडा न काढता निदान, याबद्दलची शंका रास्त आहे. हातापायाच्या गाठीत तुकडा आधी, निदान नंतर, हे आपण सगळे शिकलोय. इथे जाणत्या डॉक्टरची नजर, डोळ्यातले फोटो आणि बी-स्कॅन, म्हणजे डोळ्याची सोनोग्राफी, यांवरच निदान होतं. त्याच अभ्यासात, मोठ्या गाठींच्या रुग्णांची वेगळी चाचणी धरून, काढलेले 1,532 डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. त्यातल्या 1,527 मध्ये मेलानोमाच निघाला. चूक फक्त पाच डोळ्यांत. पण हे आकडे या एकाच आजारात मुरलेल्या डॉक्टरांचे आहेत. म्हणून दुसरं मत जरूर घ्या, मात्र डोळ्याच्या कॅन्सरचंच काम करणाऱ्या, म्हणजे ऑक्युलर ऑन्कोलॉजीच्या डॉक्टरांचं. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद, चेन्नईचं शंकर नेत्रालय, दिल्लीच्या एम्समधलं राजेंद्र प्रसाद केंद्र इथे हे काम वर्षानुवर्षं चाललंय. परळच्या टाटा मेमोरियलमध्येही चौकशी करा. दोन-तीन आठवडे या धावपळीत गेले तर सहसा बिघडत नाही.

आता यजमानांचं गृहीत. हे बोलणं तुम्हाला जड जाईल, पण चकती लावायच्या आधीच ते व्हायला हवं.

चकती कशी असते ते सांगते, कारण "किरणोत्सारी" म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर काहीतरी भलतंच येतं. एका प्रशिक्षणात मी नमुन्याची, आत काही न भरलेली, हातात घेतली होती. कोटाच्या बटणाएवढी, चांदीची, आतून वाटीसारखी खोलगट, म्हणजे डोळ्याच्या मागच्या गोलाईला बसेल अशी. काठाला दोन कान, त्यांना टाके घालायची भोकं. तळहातावर ठेवली तर वजन जाणवतं न जाणवतं. भूल देऊन डोळ्याच्या पांढऱ्या भागावर, आतल्या गाठीच्या बरोब्बर मागे ती शिवतात. मोजून काही दिवस, साधारण तीन ते सात, ती तिथे राहते. माणूस वेगळ्या खोलीत असतो, गर्भवती बाई आणि लहान मुलं यांना भेटू देत नाहीत. मग पुन्हा भूल देऊन ती काढतात. काढली की किरणही तिच्याबरोबर गेले. घरी आल्यावर ताट-वाटी वेगळी करायची नाही, लेकींनी लांब बसायचं नाही. टाटाला जाणारे लोक ज्याला "लाईट घेणं" म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे दिवा बाहेर नसतो, गाठीला खेटून ठेवलेला असतो.

आणि ही चकती आता परदेशातूनच आणावी लागते असं राहिलेलं नाही. वाशीच्या पुलावरून मुंबईकडे जाताना डाव्या हाताला ट्रॉम्बेचा डोंगर दिसतो. तिथल्या भाभा अणुसंशोधन केंद्रानं रुथेनियम-106 ची चकती बनवली आहे, आणि त्यातलं रुथेनियम अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या कचऱ्यातून वेगळं काढलेलं असतं. मला स्वतःला या गोष्टीनं फार धीर येतो. यजमान टूलरूमचे आहेत, त्यांना हे नक्की सांगा. त्यातली कारागिरी तुमच्या-माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळेल. डॉक्टरांना मात्र एक विचारा. रुथेनियमचे किरण साधारण पाच-सहा मिलिमीटर उंचीपर्यंतच नीट पोचतात. यजमानांची गाठ साडेपाचची, म्हणजे हद्दीच्या काठावर. त्यांच्यासाठी रुथेनियम योग्य की आयोडीन?

आता नजर. चकतीनं दहातल्या नऊ डोळ्यांत गाठ आटोक्यात येते. पण किरणांनी पडदा, त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या, डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी शीर यांनाही इजा होते, आणि ती लगेच दिसत नाही. वर्षा-दोन वर्षांनी दिसू लागते. त्या मोठ्या चाचणीत तीन वर्षांनंतर चकती लावलेल्या 43 टक्के डोळ्यांची नजर 6/60 किंवा त्याहून कमी झाली होती. 6/60 म्हणजे डॉक्टरांकडच्या तक्त्यावरचं सगळ्यात वरचं, एकटं, भलं मोठं अक्षर, तेवढंच. पाच वर्षांत साधारण आठातला एक डोळा पुढे काढावाही लागला होता, बहुतेक गाठ पुन्हा वाढल्यामुळे किंवा डोळा दुखू लागल्यामुळे. हल्ली डोळ्यात इंजेक्शनं देऊन पडद्याची सूज बरीच रोखता येते. पण गाठ नजरेच्या केंद्रापासून आणि शिरेपासून किती दूर आहे, यावर जवळजवळ सगळं ठरतं. पत्रात तुम्ही गाठीची उंची लिहिली, रुंदी लिहिली, हे अंतर लिहिलं नाही. माझ्या लेखी ते तिसरं माप तुमच्या घरातल्या भांडणासाठी सगळ्यात महत्त्वाचं आहे. गाठ केंद्रापासून लांब असेल तर यजमानांच्या बाजूला खूप वजन आहे. अगदी केंद्राला टेकलेली असेल, तर डोळा राहील, पण मायक्रोमीटरची रेघ वाचणारी नजर त्यात बहुधा राहणार नाही, हे त्यांनी जाणून मग हो म्हणावं. कारण मला भीती वाटते ती दोन वर्षांनंतरच्या दिवसाची. नजर मंदावेल, आणि त्यांना वाटेल आपल्याला फसवलं.

तेवढं कळूनही ते म्हणाले, "दिसलं नाही तरी चालेल, पण डोळा माझा राहू दे," तर त्यात मला हट्ट दिसत नाही. आरशात बघणारा माणूस तो आहे.

आणि समजा डोळा काढायचं ठरलं, तर त्याची भीती जितकी आहे तितकं ते भयंकर नसतं. खोबणीत एक गोळी बसवतात, डोळ्याचे स्नायू तिच्याशी जोडतात. साधारण सहा आठवड्यांनी कृत्रिम डोळा बसतो. चांगला कारागीर माणसाला समोर बसवून, दुसऱ्या डोळ्याकडे पाहत पाहत बुबुळाचा रंग बारीक कुंचल्यानं भरतो, पांढऱ्या भागावर लाल धाग्यांनी शिरा उमटवतो. तो डोळा थोडा हलतोही. एका डोळ्यानं अंदाज चुकतो तो खोलीचा. माझ्याकडे कोपरीचे एक गृहस्थ यायचे, अपघातात डोळा गेलेले. पहिले दोन महिने चहा ओतताना कपाबाहेर सांडायचा. मग त्यांच्या बायकोनं त्यांना किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायला शिकवलं. आवाज आला की ओतायचं. पुढे जिने, गर्दी, रस्ता ओलांडणं, सगळं जमत गेलं, पण ती किटली टेकवायची सवय सुटली नाही.

दोन्ही मार्गांत एक गोष्ट सारखीच आहे, आणि ती आजपासून करा. उजवा डोळा आता एकुलता एक आहे. ग्राइंडरच्या ठिणग्यांत काम करणाऱ्या माणसानं पॉलिकार्बोनेटचा चष्मा डोळ्यावर असल्याशिवाय मशीनजवळ उभं राहायचं नाही, पाच मिनिटांसाठीही नाही.

आता त्या "निम्म्या" लोकांबद्दल. तुम्ही वाचलेलं खोटं नाही. सगळ्या आकारांच्या गाठी एकत्र घेतल्या आणि खूप वर्षं मागोवा घेतला तर जवळपास निम्म्यांमध्ये तो पसरतो. पण सगळ्यांची सरासरी म्हणजे यजमानांचा आकडा नव्हे. अमेरिकेत 8,033 डोळ्यांच्या नोंदी एकत्र पाहिल्या गेल्या. दहा वर्षांत पसरण्याचं प्रमाण लहान गाठींत 12 टक्के निघालं, मध्यम गाठींत 26, मोठ्यांत 49. मध्यम म्हणजे तीनच्या वर, आठ मिलिमीटरपर्यंत. म्हणजे यजमानांच्या गटात चारातल्या एकाला. हा आकडा लहान नाही, आणि तो लहान आहे असं मी तुम्हाला सांगणार नाही. पण पदर तोंडाला लावून तुम्ही रात्रभर जो आकडा मोजत बसता, त्याच्या तो निम्मा आहे. उंची हे एकच मोजमाप झालं. गाठीच्या पेशींत तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत गळाली आहे का, यावरून धोका कमी की जास्त हे बरंच नेमकं सांगता येतं. चकती लावतानाच सुईनं पेशी घेऊन हे तपासता येतं. तपासून घ्यायचं का? माझं मन इथे दोन्हीकडे झुकतं. वाईट निकाल आला तर पसरणं नक्की थांबवेल असं औषध आज हातात नाही. पण लिव्हरवर किती कडक नजर ठेवायची ते त्यानं ठरतं, आणि चांगला निकाल आला तर घरातला प्रत्येक माणूस पुन्हा झोपू लागतो. हे यजमानांनी ठरवायचं. तुम्ही नाही, दिरांनी नाही.

आणि त्यांनी ठरवायचं, तर त्यांना माहीत हवं. ताई, तुम्ही ते लपवलंय ते मायेपोटी, हे मला कळतं. पण लपवण्याला इथे एक रोखठोक किंमत आहे. या आजारात उपचारानंतर दर सहा महिन्यांनी लिव्हरची सोनोग्राफी किंवा एमआरआय करत राहायचं असतं, वर्षानुवर्षं. ज्या माणसाला "झालं, डोळा बरा झाला" असं सांगितलंय, तो तिसऱ्या वर्षी विचारेल, "लिव्हरचं काय काम? मला काय झालंय?" आणि जाणार नाही. मी हे घडताना पाहिलंय, दुसऱ्या आजारांत. लवकर सापडलं तर लिव्हरमधल्या एखाद-दुसऱ्या गाठीवर शस्त्रक्रिया होऊ शकते, निदान तिची चर्चा तरी होऊ शकते. पसरलेल्या रोगातही पूर्वीसारखा पूर्ण अंधार नाही. टेबेंटाफस्प नावाच्या औषधाला जानेवारी 2022 मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. ज्या चाचणीवर ती मिळाली, तिच्यात हे औषध घेणाऱ्यांतले 73 टक्के वर्षभरानंतर हयात होते, बाकीचे उपचार घेणाऱ्यांतले 59 टक्के. ते फक्त ठरावीक एचएलए प्रकाराच्या रुग्णांना चालतं (एचएलए म्हणजे पेशींवरची वारशानं मिळालेली ओळखखूण) आणि फार महाग आहे. तरी या रोगात लोक जास्त जगले असं दाखवणारं ते पहिलंच औषध, म्हणून सांगितलं.

कसं सांगायचं? सगळे जेवायला बसलेत आणि दीर टीव्हीचा आवाज कमी करून विषय काढतात, असं नको. दोघंच असाल तेव्हा आधी एवढंच विचारा : "तुम्हाला याबद्दल किती जाणून घ्यायचंय?" काही माणसं म्हणतात, सगळं सांग. काही म्हणतात, काय करायचं तेवढं सांग. दोन्ही चालतं. फक्त लिव्हर तपासायचं आणि का तपासायचं, हे दुसऱ्या उत्तरातही यायला हवं. आणि मनाची एक तयारी ठेवा. त्यांच्याकडेही मोबाइल आहे. तुम्ही जे त्यांच्यापासून लपवताय, तेच ते तुमच्यापासून लपवत असतील, ही शक्यता मला बरीच दाट वाटते.

लग्नाचं. माघापर्यंत थांबू नका, आणि थांबायची गरजही नाही. चकतीचं काम इस्पितळातल्या आठवड्याभरात होतं, लालसरपणा पुढच्या काही आठवड्यांत उतरतो. डोळा काढला तरी कृत्रिम डोळा दीड महिन्यात बसतो. आत्ता पावलं उचललीत तर कन्यादानाला ते दोन्ही परिस्थितींत पाटावर बसलेले असतील. पुढे ढकलून मिळणार काय? वाढलेली गाठ, आणि कदाचित चकतीचा मार्गच बंद.

व्याह्यांना सांगायचं का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण पत्रात ते ओळींच्या मधे आहे. लोक "घराण्यात कॅन्सर आहे" म्हणतील, ही भीती. तर हा आजार बहुतेक वेळा घराण्यातून येत नाही. ज्या जनुकीय बिघाडानं गाठ सुरू होते तो त्या गाठीतच झालेला असतो, मुलींना वारसानं मिळत नाही. अगदी थोड्या घरांत बीएपी1 नावाच्या जनुकाचा दोष पिढ्यांतून उतरतो. तिथे डोळ्याच्या जोडीनं किडनीचे, कातडीचे किंवा फुप्फुसाच्या आवरणाचे कॅन्सर नात्यात दिसतात. तसं काही तुमच्याकडे असेल तर डॉक्टरांना सांगा. नसेल, तर मुलीनंच तिच्या होणाऱ्या नवऱ्याला साध्या शब्दांत सांगावं, असं मला वाटतं. तो ऐकून घेतो की नाही, हे लग्नाआधी कळलेलं बरं.

पैशांबद्दल थोडक्यात. कंपनीचा गट-विमा किंवा ईएसआयसी काय भरतं हे एचआरकडून लेखी घ्या, परराज्यात उपचार घेतले तर काय, हेही विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेखाली काय बसतं ते योजनेतल्या रुग्णालयात बसणारे आरोग्यमित्र सांगतात. प्रवास, राहणं आणि दर सहा महिन्यांच्या तपासण्या यांचा हिशेब आधीच धरा. घरं तिथे कोलमडतात, पहिल्या बिलाला नाही.

शनिवारी तुमची पुन्हा अपॉइंटमेंट आहे असं लिहिलंत. बी-स्कॅनची मूळ प्रत आणि डोळ्यातले फोटो फाइलमध्ये वर ठेवा. दुसरं मत घ्यायचंय, प्रती हव्यात, असं स्पष्ट मागा, त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. एका कागदावर तीनच प्रश्न लिहा : गाठ नजरेच्या केंद्रापासून आणि शिरेपासून किती मिलिमीटरवर आहे, चकती रुथेनियमची की आयोडीनची, आणि लिव्हरची पुढची तपासणी कधी. तो कागद यजमानांच्या हातात द्या, प्रश्न त्यांना विचारू द्या. नणंदबाई आल्या तर त्यांना बाहेरच्या बाकावर बसवा, पाण्याची बाटली त्यांच्याकडे द्या. आत दोघंच जा.